घोड्याचा साज परत करताना अडतं कुठे: लक्षणं, तपासण्या आणि थांबायची वेळ

पागेतल्या साजाचं काम माझ्याकडे आहे. खोगीर, लगाम, बिट (घोड्याच्या तोंडात बसणारी लगामाची दांडी), झूल मागवायची, घोड्यावर लावून पाहायची, बसली नाही तर परत धाडायची, हे सगळं माझ्या हातून जातं. ओळखीच्या स्वारांचे अडकलेले परतावेही बहुधा माझ्याकडे येतात. तक्रार ठरलेली असते: वस्तू घोड्याला बसत नाही आणि विक्रेता परत घ्यायला तयार नाही. कारणंही जवळजवळ ठरलेलीच असतात, आणि त्यातली बरीचशी एक पैसा न खर्चता दूर होतात. म्हणून तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे अशा लावल्या आहेत. हा क्रम मोडू नका. खोगिरावर बसून झाल्यावर अटी वाचायला घेतल्या तर हातात काही उरत नाही.

लक्षणं

- विक्रेता वस्तू पाहतो आणि "ही वापरलेली आहे" म्हणून परत पाठवतो.
- परतावा मिळतो, पण रक्कम कापून. कशासाठी कापली ते नीट सांगत नाहीत.
- वस्तू पोचली तेव्हाच ओरखडा होता असं तुम्ही म्हणता, विक्रेता म्हणतो तुमच्याकडे पडला. दोघांकडेही पुरावा नाही.
- झूल किंवा नमदा (खोगिराखालची घडी) केस आणि वास यांमुळे नाकारला जातो.
- ओळीने दुसरं, तिसरं खोगीर त्याच कारणासाठी परत जातं.
- या वेळी घेतलं, पण पुढच्या वेळी तोच विक्रेता चाचणीसाठी सामान द्यायला टाळाटाळ करतो.

पहिल्या दोन लक्षणांचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या आणि चौथ्या तपासणीत सापडतं, तिसऱ्याचं दुसऱ्या तपासणीत. एकच कारण ओळीने परत येत असेल तर मात्र घोड्याकडे पाहायला हवं. ते शेवटी येईल.

विक्रेत्याची बाजूही लक्षात असू द्या. परत आलेली वस्तू त्याला नवी म्हणून पुन्हा विकायची असते. कोऱ्या चामड्यावर तंगाच्या, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याच्या, बकलाची घडी एकदा उमटली की ती जात नाही, आणि त्या क्षणापासून ते खोगीर जुन्या मालात जमा होतं. हा तोटा कोणी सोसायचा, एवढ्यावरच सगळं भांडण असतं.

१. अटी वाचा, आणि "चाचणी" व "परतावा" यांतला फरक विचारून घ्या

याला पाच मिनिटं लागतात, खर्च शून्य. तरी सर्वांत जास्त प्रकरणं इथेच बिघडलेली असतात.

परताव्याची मुभा म्हणजे वस्तू उघडून पाहायची, हाताळायची, फार तर उभ्या घोड्यावर अलगद धरून पाहायची. चाचणीची मुभा म्हणजे ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या अटींवर, प्रत्यक्ष स्वारी करून पाहायची. स्वार दुसरं गृहीत धरतो, विक्रेत्याने पहिलंच दिलेलं असतं. दोघेही प्रामाणिक असतात आणि तरी वाद होतो. म्हणून पैसे देण्याआधी इतकं लेखी विचारा:

दिवस कधीपासून मोजायचे, पाठवल्यापासून की मिळाल्यापासून? त्या मुदतीत वस्तू तुमच्याकडे पोचायला हवी की इथून निघाली तरी चालेल? खोगिरावर बसता येईल का, की फक्त ठेवून पाहायचं? जातानाचा आणि येतानाचा वाहतूक खर्च कोणाचा? कोणती खूण "वापर" धरली जाते? रक्कम रोख परत मिळते की दुकानात जमा राहते?

मापानुसार बनवून घेतलेली वस्तू, नाव कोरलेली पट्टी, सवलतीतला शेवटचा माल हे सहसा परत होत नाहीत. बिटच्या बाबतीत अनेक जण घोड्याच्या तोंडात गेलेलं बिट घेतच नाहीत. हे ठाऊक नसताना मागवणं म्हणजे परतीचा रस्ता न पाहता निघणं.

खासगी माणसाकडून जुना साज घेत असाल तर वेगळं बोलणं झाल्याशिवाय परतावा नाही असंच समजा. चाचणी हवी असेल तर पूर्ण रक्कम अनामत ठेवण्याची तयारी स्वतःहून दाखवा. त्यांचं खोगीर अनोळखी माणसाच्या ताब्यात जातंय, त्यांना तेवढा दिलासा द्यायलाच हवा.

२. खोकं उघडतानाच फोटो काढा

आधी बंद खोक्याचे, मग उघडलेल्याचे, मग वस्तूचे. दिवसाच्या उजेडात काढा. खोगीर असेल तर दोन्ही बाजूंचे फ्लॅप (स्वाराच्या पायाखाली येणारे चामड्याचे पडदे), त्यांच्या खालची तंगाची पट्टी आणि तिची भोकं, खालची गादी, मागची कड, शिलाई आणि कोरलेला क्रमांक हे सगळं यायला हवं. लगाम असेल तर प्रत्येक बकल. जुनी वस्तू असेल तर दिसणाऱ्या प्रत्येक ओरखड्याचा जवळून एक फोटो घ्या आणि त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवून द्या: "मिळालं, या खुणा आधीपासून दिसताहेत, नोंद असावी."

तो संदेश त्याच दिवशी जाणं महत्त्वाचं आहे. आठवडाभराने पाठवलेल्या फोटोवरून ओरखडा कधीचा हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

खोकं, आतला कागद, टोकांवरचं वेष्टन, चिठ्ठ्या, सगळं जपून ठेवा. चिठ्ठी कापायची नाही. वस्तू ठेवायचीच असं ठरेपर्यंत तेल, मेण, साबण काहीही लावायचं नाही. कोरं चामडं तेल पिऊन गडद होतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. जादा भोक तर मुळीच पाडू नका. एक भोक पाडलं की खरेदी पक्की झाली असं धरून चाला.

३. वस्तू घोड्याजवळ नेण्याआधी माप घ्या

मापपट्टीने जी चूक पकडता येते ती घोड्यावर लावून पकडायची गरज नाही. लावलेली प्रत्येक वस्तू थोडी तरी मळते.

झूल: छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत, अंगावरून सरळ. काही बनावटी मात्र विदर्सपासून, म्हणजे आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापासून, शेपटीच्या मुळापर्यंतचं पाठीचं माप देतात. हा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान येतो. झूल परत जाण्यामागे बहुतेकदा ही दोन मापांची गल्लत असते, म्हणून कोणतं माप ते आधी विचारा.

तंग: आत्ता वापरात असलेला तंग दोन्ही बाजूंना मधल्या भोकांवर बसत असेल तर तोच बकलांसकट मोजा. पण खोगिराचा प्रकार बदलत असाल तर ते माप निरुपयोगी ठरतं. उडीच्या खोगिराचे पट्टे आखूड असतात, त्यांना लांब तंग लागतो. ड्रेसाजच्या, म्हणजे आखाड्यातल्या शिस्तबद्ध चालींच्या, खोगिराचे पट्टे लांब खाली येतात, त्यांना आखूड तंग. नवं खोगीर आणि जुन्या मापाचा तंग एकत्र मागवला की दोन्हीपैकी एक परत जाणार.

बिट: बोटाएवढी गुळगुळीत लाकडी दांडी घोड्याच्या तोंडात बिटच्या जागी आडवी धरा, दोन्ही ओठांच्या कडेला खूण करा आणि मधलं अंतर मोजा. फिरत्या कड्या असतील तर दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर जागा हवी, नाहीतर कडीच्या भोकात ओठ चिमटतो. स्थिर कडीचं बिट याहून जवळ बसलं तरी चालतं. ५ इंची बिट म्हणजे १२.७ सेंटिमीटर, पण काही ठिकाणी तेच १२.५ म्हणून विकतात. घट्ट बसणाऱ्या तोंडाला तेवढा फरकही जाणवतो.

खोगीर: स्वाराची बैठक इंचात मोजतात, १६, १६.५, १७ अशी. घोड्यासाठी तो आकडा काहीच सांगत नाही. घोड्यासाठी महत्त्वाची ती आतल्या सांगाड्याची, म्हणजे ट्रीची रुंदी, आणि एका बनावटीचा "मध्यम" दुसऱ्या बनावटीच्या "मध्यम"शी जुळेलच असं नाही. म्हणून आकाराचं नाव कळवू नका, आकृती पाठवा. चित्रकलेच्या सामानात वाकणारी, आकार धरून ठेवणारी पट्टी मिळते. घोडा सपाट जमिनीवर, चारी पायांवर सारखा उभा, मान नेहमीच्या उंचीवर. खांद्याच्या हाडाच्या मागच्या कडेपासून दोन-तीन बोटं मागे पट्टी पाठीवर दाबून बसवा, अलगद उचला आणि कागदावर आतल्या कडेने रेघ ओढा. डावी-उजवी बाजू, घोड्याचं नाव आणि तारीख लिहा. तारीख यासाठी की व्यायाम, चारा, आजारपण, ऋतू यांनी पाठीचा आकार बदलतो. जुनी आकृती पाठवून खोगीर मागवलं तर ते तेव्हाच्या घोड्याला बसेल, आत्ताच्या नाही.

४. घोडा स्वच्छ आणि कोरडा, मध्ये कापड

खरारा करून धूळ, घाम, सुटे केस काढा. ओल्या घोड्यावर कोरं चामडं ठेवू नका, डाग पडतो. झूल पाहताना आधी धुतलेली सुती चादर अंगावर टाका आणि तिच्यावर झूल घाला. लगाम पाहताना कपाळपट्टीखाली आणि कानामागे पातळ कापड ठेवा. बिट तोंडात घालून पाहण्याची लेखी परवानगी नसेल तर ते फक्त ओठांबाहेर धरून मापाशी ताडा. बिटभोवती प्लास्टिक गुंडाळून पाहण्याची युक्ती काही जण सांगतात. मी ती करत नाही, कारण घोडा ते चावून गिळू शकतो.

केस चिकटलेली झूल नाकारणारा विक्रेता आडमुठा असतो असं समजू नका. गजकर्णाचे बीजाणू साजावर महिनोन्महिने टिकून राहतात, एका घोड्याकडून दुसऱ्याकडे आणि माणसाकडेही जातात. स्ट्रँगल्ससारखा घशाच्या गाठींचा आजारही म्होरकी, बिट, बादल्या यांवरून पसरतो. तुम्ही परत केलेली झूल उद्या दुसऱ्याच्या शिंगरावर जाणार आहे. म्हणून अंगावर टक्कल पडलेले चट्टे, नाकातून स्राव किंवा ताप असेल तर त्या घोड्यावर परत करायची कोणतीही वस्तू लावू नका, आणि पागेत साथ चालू असेल तर चाचणीच पुढे ढकला. विक्रेत्याला खरं कारण सांगितलं तर मुदत वाढवून देणारे पुष्कळ भेटतात.

५. खोगीर उभ्या घोड्यावर, तंगाशिवाय

रिकिबी आणि त्यांच्या वाद्या काढून ठेवा. जाड नमदा नको. विक्रेता चालेल म्हणाला तर थेट पाठीवर ठेवा, नाहीतर एकेरी पातळ कापडावर. नमदा जेवढा जाड तेवढे दोष झाकले जातात.

खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवा, ते आपोआप अडेल तिथे सोडा. आता हाताने पाहा.

पुढची कमान आणि विदर्स यांत दोन-तीन बोटं जागा आहे का? वरूनच नव्हे, बाजूंनाही. स्वार बसल्यावर ही जागा कमी होणार, त्यामुळे आत्ता जेमतेम असेल तर नापास. सांगाड्याची टोकं खांद्याच्या हाडाच्या मागे आहेत का? घोडा पुढचा पाय पुढे टाकतो तेव्हा ते हाड वरच्या टोकाकडून मागे फिरतं, आणि टोक आड आलं तर प्रत्येक पावलाला आपटतं. शेवटची बरगडी बोटांनी शोधा आणि तिच्या रेषेने वर पाठीपर्यंत या. गादी त्या रेषेच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे ओझं पेलायला बरगड्यांचा आधार नाही. गादीखालून तळहात पुढून मागे सरकवा. मध्येच हात मोकळा होऊन पुढे-मागे आवळला तर खोगीर पुलासारखं दोनच जागी टेकलं आहे. पुढे-मागे दाबल्यावर डोलत असेल तर उलटा दोष. मागून पाहा: दोन गाद्यांमधल्या पोकळीतून कण्यावर उजेड आरपार दिसायला हवा.

यात एकही गोष्ट नापास झाली तर इथेच थांबा. "बसून तरी पाहू" हा मोह आवरा. बसल्याने न बसणारं खोगीर बसत नाही, आणि परताव्याचा हक्क मात्र जातो. या टप्प्यापर्यंत चामड्यावर काहीही उमटलेलं नसतं, त्यामुळे इथून परत गेलेलं खोगीर नाकारलेलं मी क्वचितच पाहिलंय.

परत पाठवण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: हे गादीचं भरण कमी-जास्त करून सुटेल का? लोकरीचं भरण असलेल्या गादीत बारीक फरक दुरुस्त होतात. सांगाडाच अरुंद किंवा फार वाकडा असेल तर भरणाने काही होत नाही.

जुन्या खोगिराला आणखी एक तपासणी: पुढची कमान मांडीला टेकवून मागची कड दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा. स्प्रिंगच्या सांगाड्यात थोडी लवचीकता असते. पण बैठकीवर खोल सुरकुत्या पडल्या, एक बाजू जास्त वाकली किंवा करकर आवाज आला तर सांगाडा मोडलेला असू शकतो. असं खोगीर घोड्यावर ठेवूच नका.

६. स्वारी करून पाहणं, परवानगी असेल तरच

वाद्या स्वतःच्या वापरा आणि त्यांवर मऊ कव्हर चढवा, काही नसेल तर लांब मोजे. फ्लॅपवर उमटणारी पहिली रेघ वादीची असते. तंगही स्वतःचा, स्वच्छ केलेला. नमदा पातळ आणि धुतलेला. बुटांना माती नको, पायात स्पर (टाचेला लावायचे काटे) नको, खिशाला बटणं किंवा जीन्सच्या धातूच्या टिकल्या नकोत. आखाड्यातच, कोरड्या हवेत, चाल-दुडकी-रपेट डाव्या आणि उजव्या दोन्ही दिशांना. उड्या, रानातली फेरी आणि स्पर्धा या चाचणीत मोडत नाहीत. चाचणीच्या खोगिरावर स्पर्धेत उतरणं आणि सोमवारी ते परत करणं, याला मी सरळ अप्रामाणिकपणा म्हणतो.

थोडक्यात उरका. उतरल्यावर पाठीवरचा घाम पाहा, पण त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. कोरडा ठिपका जास्त दाबामुळेही राहतो आणि अजिबात न टेकल्यामुळेही.

७. परत करताना बोलायचं कसं

नाही असं ठरलं की त्याच दिवशी कळवा. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळपर्यंत वस्तू ठेवून घेणं नियमात बसत असेल, पण तेवढे दिवस ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. मजकूर साधा असावा:

"नमस्कार. तुमचं १७ इंची खोगीर मंगळवारी मिळालं. उभ्या घोड्यावर पातळ कापडावर ठेवून पाहिलं. विदर्सवर दोन बोटांपेक्षा कमी जागा राहते. तंग आवळलेला नाही, कोणी बसलेलं नाही. फोटो सोबत आहेत. रुंद सांगाड्याचं मिळेल का, की हेच परत पाठवू? परत पाठवायचं तर पत्ता आणि वाहतूकदार कळवा."

बसला असाल तर बसलो असं लिहा. किती वेळ, कशावर, तेही लिहा. मनासारखं वाटलं नाही हे कारण असेल तर तेच सांगा. त्यासाठी वस्तूत दोष शोधू नका. खोटा दोष सांगितला की विक्रेता ती वस्तू कारखान्याकडे पाठवतो, तिथे दोष सापडत नाही आणि पुढच्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दोन विक्रेत्यांकडून एकाच वेळी खोगिरं मागवली असतील तर दोघांनाही ते आधी सांगा. खोगीर बसवणारा तज्ज्ञ स्वतः पाच-सहा खोगिरं घेऊन पागेत आला असेल तर खरेदी झाली नाही तरी त्याची भेटीची फी द्या. त्याच्याकडून माप घेऊन तीच वस्तू दुसरीकडून स्वस्तात मागवायची असेल, तर त्याच्या कामाचा मोबदला आधी चुकता करा.

बांधताना कोरड्या मऊ कापडाने पुसा, एवढंच. बकलं कागदात गुंडाळा, ती चामड्याला टेकू देऊ नका. मूळ खोक्यात, मूळ चिठ्ठ्यांसह. बंद करण्याआधी पुन्हा तेच फोटो. विमा आणि मागोवा क्रमांक घ्या, कारण वाटेत खराब झालेल्या मालाची जबाबदारी बहुतेक अटींमध्ये पाठवणाऱ्यावर असते.

विक्रेत्याने खूण दाखवून रक्कम कापली तर आधी त्याच्याकडचा फोटो मागा आणि आपल्याशी ताडून पाहा. खूण आपली असेल तर कपात मान्य करा. नसेल तर तारखेसह दोन्ही फोटो पाठवा. चारचौघांत नाव घेऊन तक्रार करण्याआधी त्याला उत्तराची संधी द्या.

८. इथे थांबा, जाणकाराला बोलवा

दोन खोगिरं नीट मापानेही बसली नाहीत तर तिसरं मागवू नका. खोगीर बसवणाऱ्या प्रशिक्षित माणसाला पागेत बोलवा. त्याची फी दोन-तीन वेळच्या वाहतुकीपेक्षा अनेकदा कमी पडते.

खोगीर सतत एकाच बाजूला सरकतं म्हणून परत जात असेल तर आधी पशुवैद्य. लाइन ग्रेव्ह आणि स्यू डायसन यांच्या २०१३च्या अभ्यासात खोगीर सरकणं आणि मागच्या पायाचं लंगडणं यांचा संबंध दिसला होता. लंगडणारा पाय भूल देऊन बधिर केल्यावर बहुतेक घोड्यांचं खोगीर सरकायचं थांबलं. डोळ्याला न दिसणारं लंगडणं खोगीर बदलून बरं होत नाही.

तंग आवळताना घोडा चावायला येतो, पाठ दाबली की खाली दबतो, खोगिराच्या जागी सूज किंवा पांढरे केस दिसतात: त्या दिवशी काहीही लावून पाहू नका, पशुवैद्यालाच बोलवा. बिटला अचानक विरोध, डोकं झटकणं, लाळेत रक्त असेल तर नवं बिट मागवण्याआधी दातांची तपासणी करून घ्या. सांगाडा मोडल्याची शंका आली तर खोगीर उसवून पाहणारा कारागीरच खात्रीने सांगू शकतो. त्याचं लेखी मत मिळालं तर विक्रेत्याशी बोलायलाही आधार होतो.

विक्रेत्याने लेखी कबूल केलेली अट मोडली, फोटो तुमच्या बाजूने आहेत आणि दोनदा लिहूनही उत्तर नाही, तर आणखी संदेश पाठवत बसू नका. पैसे ज्या कार्डाने किंवा बँकेतून दिले तिथे मुदतीच्या आत वाद नोंदवा. रक्कम मोठी असेल तर सगळे फोटो, अटी आणि संदेश तारखेप्रमाणे लावून ग्राहक तक्रारी पाहणाऱ्या वकिलाकडे न्या.